कणकेतली दोन जहाजं

आण्णा, आधी बसा. उभ्या उभ्या ऐकायची गोष्ट नाही ही. काल दुपारी टपालवाल्यानं बेल वाजवली आणि माझ्या हातात एक निळी डबी ठेवून सही घेतली. डबीत मखमल, मखमलीत एक गोल पारदर्शक कुपी, आणि कुपीत चांदीचं नाणं. नवंकोरं, टांकसाळीतून पाडून आलेलं. त्याच्यावर दोन जहाजं समोरासमोर उभी आहेत आणि त्यांच्या मधोमध एक घागर. ते चित्र माझं आहे, आण्णा. माझं! तुमच्या थोरल्या पोरीचं! कालपासून मी घरात नुसती भिरभिरतेय. दूध उतू गेलं, आमटीत मीठ दोनदा पडलं, चष्मा फ्रीजमध्ये सापडला. आई खाटेवरून ओरडते, "आगं, बूड टेक की जरा कुटं तरी! साठी उलटली तरी घोडनवरीगत काय नाचतीयास!" मी म्हटलं, नाचते तर नाचते. हे आधी तुम्हाला सांगायला पाहिजे होतं, आणि तुम्ही जाऊन तर पंचवीसेक वर्षं होत आली. म्हणून लिहायला बसले.

तुमचंच तुम्हाला काय सांगायचं, पण मला पहिल्यापासून सांगितल्याशिवाय गोडी येत नाही. विट्याच्या पलीकडचं आपलं कोरडं गाव. विहिरीला पाणी नाही, रानात कुसळं. मग गावातली माणसं निघाली गलाईला. जुनं सोनं, जुनी चांदी वितळवून शुद्ध करायची आणि ज्याची त्याला परत द्यायची, एवढाच धंदा, पण त्याच्यासाठी कोण कुठं गेलं, कोण कुठं. तुम्ही गेलात थेट कोचीनला, बंदरावर. पुढं तुमची भट्टी, मागं आईची चूल, आणि मध्ये एक गोणपाटाचा पडदा. मला आजही डोळे मिटले की दोन्हीकडचा वास येतो. एकीकडून तेजाबाचा, नाकात शिरून खोकला काढणारा, आणि दुसरीकडून लसणाच्या फोडणीचा. तुम्ही दिवसभर त्या धुरात बसायचात, अंगात भोकं पडलेला बनियन, आणि गिऱ्हाइकाशी अर्धं मल्याळम, अर्धं माणदेशी बोलायचात. गंमत म्हणजे त्यांना कळायचंही.

आणि तुमचा तो नेम! दागिना आला तर तुम्ही सरळ वितळवायच्या मुशीत टाकायचात, त्याचं तुम्हाला काही वाटायचं नाही. पण नाणं आलं की हात थांबायचा. चिंचेच्या कोळानं ते घासायचं, स्वच्छ धुवायचं, आणि पडदा सारून आत यायचं. आई कणीक मळत असली की परातीतला लिंबाएवढा गोळा उचलायचा, जाडसर थापायचा, आणि एका चानकीवर छापा, दुसरीवर काटा असं दाबून उठवायचं. लहान पोरांसाठी उरल्या कणकेची करतात ती चानकी, पण माझ्या चानकीवर राजा असायचा. कधी राणी, कधी सिंह, कधी नुसतीच न वाचता येणारी अक्षरं. आई कावायची, "आवं, पोरीच्या पोटात राजं-राण्या काय घालताय! उद्या वझं हुईल तिला." तुम्ही ऐकायचात थोडंच! म्हणायचात, "ज्यानं ह्ये कोरलं त्यानं मरमर केली आसंल. मोडायच्या आदी यकदा नीट बघावं मानसानं. बघाय काय पैसं पडत्यात?" मग आई ती तव्यावर मंद भाजायची, तुम्ही नाणं घेऊन भट्टीकडं जायचात, आणि जाता जाता मला सांगायचात, "खा आता. पोटात गेलं त्ये हरवत न्हाई."

माझी तर ती शाळाच होती. बाकीची पोरं नाणं बघतात तशी मी कधी बघितलीच नाहीत. नाणं तुमच्या ओल्या बोटांत, आणि माझ्या वाट्याला त्याचा खड्डा. राजाचं नाक आत गेलेलं, मुकुट आत गेलेला. मी त्या खड्ड्यात बोट घालून नाक कसं वळतं ते चाचपायचे आणि मगच खायचे.

आता त्या बाईचा दिवस. आठवते का ती? पांढरं नेसलेली म्हातारी, कानाच्या पाळ्या लोंबलेल्या. नातीचे पैंजण करायचे म्हणून चांदीचं गाठोडं घेऊन आली होती. त्यात होतं ते. तुम्ही चिंच लावली, काळं निघालं, आणि तुम्ही पडदा सारून आत न येता मलाच बाहेर हाक मारलीत. दोन जहाजं. एक उंच, दोन डोलकाठ्यांचं, दुसरं बुटकं, एका काठीचं. नाकाला नाक लावून उभी, आणि मध्ये घागर. म्हातारी पायरीवर बसून सांगत होती, तुम्ही मला मराठीत करून सांगत होतात. ह्या किनाऱ्याचा एक राजा आणि समुद्रापलीकडच्या किनाऱ्याचा एक. दोघांचीही जहाजं. वाऱ्यानं एखादं गलबत भलत्या किनाऱ्याला लागलं की लोक ते लुटायचे. मग दोघांनी तह केला. कुणाचंही गलबत कुणाच्याही किनाऱ्याला लागो, लुटायचं नाही. आधी प्यायला पाणी द्यायचं, मग विचारायचं कुठला आहेस. त्या तहाची आठवण म्हणून दोघांनी मिळून हे नाणं पाडलं आणि खलाशांना वाटलं. तिच्या कुठल्या तरी खापरपणजोबाला मिळालेलं. मी खो खो हसले होते. म्हटलं, "आण्णा, यवढ्या पाण्यात ऱ्हाऊन ह्यांला पाण्यासाठी तह कराय लागतोय?" तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "आपल्या हिरीत न्हाई, आन् त्यांच्याकडं समुद्रभर हाय पर पेता येत न्हाई. म्हंजी यकच झालं की, बाय."

त्याच क्षणी ते नाणं माझं झालं. गावाकडं टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभी राहिलेली मी, ती घागर माझ्याशिवाय कुणाची असणार! तुम्ही कणकेत दाबलंत, उठवलंत, आणि निघालात भट्टीकडं. मी मागनं बनियन धरला. नका ना वितळवू. तुम्ही म्हणालात, "दुसऱ्याची चांदी हाय." मी म्हटलं, दुसरी चांदी द्या तिला. तुम्ही म्हणालात, "तिनं हीच दिलीया." आणि टाकलंत की मुशीत! मी हात घातला, खरंच घातला असता भट्टीत, पण तुम्ही दंडाला धरून मला अशी भिरकावलीत की मी पडद्यासकट आईच्या चुलीपाशी. "हात जाळून घेतीस व्हय गं! आपलं काम मोडायचं. घडवणारी मानसं येगळी. ती तकडं, टांकसाळीत." एवढं चिडलेलं मी तुम्हाला आधी बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही. ती चानकी मी दिवसभर हातात धरून बसले. संध्याकाळी तिला मुंग्या लागायला लागल्या तेव्हा रडत रडत खाल्ली, कोरडीच. आणि तोंडात घास असतानाच आईला म्हटलं, मी घडवणार. आई म्हणाली, "आदी भाकरी गोल थापाय शीक."

पुढचं तुम्ही बघितलंयच. आपण गावी परतलो, मी चित्रकलेची परीक्षा दिली, उंब्रजच्या घरात सून म्हणून गेले, विश्रामबागेत शाळेत लागले. तुमचा खोकला वाढत गेला. शेवटी शेवटी तुम्ही माझ्या वर्गातल्या पोरांची चित्रं अंथरुणावर पसरून बघायचात, एकेक, नीट. त्याला काय पैसे पडतात? तुम्ही गेल्यावर आई माझ्याकडं आली, ती अजून इथंच आहे, तोंडानं धडधाकट आणि गुडघ्यानं अधू.

आणि मग गेल्या हिवाळ्यात पेपरात एक चौकोन! रद्दीत घालायला उचललेला पेपर, त्यात टांकसाळीची जाहिरात. दोन दर्यावर्दी राज्यांमधल्या जुन्या तहाच्या स्मरणार्थ चांदीचं नाणं काढायचंय, चित्रकारांनी कागदावरचं चित्र आणि प्लास्टरचा नमुना पाठवावा. खाली तहाचा मजकूर. गलबत किनाऱ्याला लागलं तर लुटायचं नाही, आधी पाणी द्यायचं. आण्णा, तोच तह, म्हातारीचा! मी रद्दीवरच बसले. मग उठले ती थेट दुकानात जाऊन प्लास्टरची पिशवी घेऊन आले.

महिनाभर मी दुसरं काही केलं नाही. सपाट प्लास्टरची फरशी ओतली आणि कोरायला बसले. आठवायला लागलंच नाही काही. बोटांनाच ठाऊक होतं. दोन डोलकाठ्या इथं, शिडाचा फुगवटा असा, घागरीचा गळा असा. कोरलं, धाडलं, आणि देवापुढं खडीसाखर ठेवली. आपल्या घरानं आयुष्यभर नाणी मोडली, त्या घरातून एक तरी नाणं पडावं, एवढंच मागितलं. दुसरं काही नको होतं मला. बक्षीस नको, सत्कार नको.

वीसेक दिवसांनी फोन आला. टांकसाळीतला कुणी साहेब, आवाज मऊ. "मॅडम, तुमचं काम समितीला फार आवडलंय. पण एक अडचण आहे. सगळं आत गेलंय." मी म्हटलं, आत म्हणजे? "म्हणजे खोल कोरलंय. नाण्यावर चित्र वर येतं, मॅडम. आत जात नाही." चाळीस वर्षं पोरांना चित्रकला शिकवली मी, आणि हे मला फोनवरून ऐकायला लागलं! कान तापले माझे. मी बोलायला जाणार तोच तो म्हणाला, "आणि दुसरं. आमच्याकडे त्या वेळचं एक नाणं आहे, पार झिजलेलं. त्यात मोठं जहाज उजवीकडे आहे. तुमचं डावीकडे आलंय. मधलं तर पुसूनच गेलंय, कुणी फूल म्हणतं, कुणी किल्ला. तुम्ही घागर कशी काय घेतलीत? कुठे बघितलंत ते नाणं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बघितलंय कुठलं! खाल्लंय मी ते." मग मी सगळं सांगितलं, तुम्ही, भट्टी, कणीक, म्हातारी. साहेब बराच वेळ हसला, पण चांगलं हसला. म्हणाला, "बाई, हे मी समितीला कसं सांगू? शनिवारपर्यंत उठावाचा नमुना पाठवा. नाहीतर दुसऱ्या नंबरचं चित्र तयार आहे, ते जाईल."

फोन ठेवला आणि मी आकांडतांडव केलं. एवढी कशी मी ठोंब! चित्र उलटं, जहाज उलटं, आणि हातात चार दिवस. परत कोरायचं म्हणजे सगळं उजव्याचं डावं, खोलाचं उंच, आणि माझ्या बोटांना ते तसं ठाऊकच नाही. साहेबानं ते खोलगट परत धाडलेलं नव्हतं, पण माझ्याकडं त्याची जोड होती, आधी कोरलेली, कोपरा उडालेला म्हणून बाजूला ठेवलेली. ती मी फेकायला उचलली. आई ओट्याशी स्टुलावर बसून कणीक मळत होती. म्हणाली, "काय झालंय तुला फेकाफेकी कराय? आन हिकडं ती फरशी." मी म्हटलं, आई, तुला नाही कळायचं. "मला न्हाई कळायचं तर कुनाला! पन्नास वर्सं माझीच कणीक नासलीया तुमा बापलेकींनी." तिनं गोळा घेतला, फरशीवर पीठ भुरभुरलं, आणि दोन्ही अंगठ्यांनी गोळा त्या खड्ड्यात दाबला. तुम्ही दाबायचात तसाच. मग हळूच कडेनं सोडवत सोडवत उचलला आणि तळहातावर उलटा केला.

आण्णा! नाणं होतं ते. शिडं फुगून वर आलेली, घागर पोटासकट वर आलेली, आणि मोठं जहाज उजवीकडं. म्हातारीच्या गाठोड्यातलं, तुमच्या ओल्या बोटांतलं, मुशीत गेलेलं. आईच्या तळहातावर ते जसंच्या तसं, फक्त कणकेचं. मी चुकले नव्हतेच मुळी! तुम्ही कणकेत जो खड्डा पाडलात तो मी जसाच्या तसा आठवला होता, त्यात परत कणीक घातली की नाणं बाहेर येणारच होतं. मी खाली बसून रडले. आई म्हणाली, "रडतीस काय? ह्ये बग, तुझ्या आण्णांनी वितळवलं आन् तू परत आनलंस." मग लगेच म्हणाली, "आता ह्याचं काय करू? भाजू?" आम्ही ते भाजलं आणि तुपाबरोबर खाल्लं.

फरशीला साबणाचं पाणी लावून मी त्यातच नवं प्लास्टर ओतलं. निघालं सुबक. पण वाळेना! आत ओल धरून बसलं, आणि ओलं धाडलं तर वाटेत तुकडे. धाकट्या भावाला फोन केला, तो तासगावातून गाडी घेऊन आला आणि नमुना आपल्या बेदाण्याच्या शेडमध्ये घेऊन गेला. चैत्रातलं ऊन आणि जाळ्यांमधून सुटलेला वारा, जिथं द्राक्षांचे बेदाणे होतात तिथं प्लास्टर न वाळून जातंय कुठं! द्राक्षांच्या जाळीवर, घडांच्या मध्ये माझी जहाजं. शेडवरच्या बायका येऊन बघून गेल्या. एक म्हणाली, "ताई, ह्या पान्यात घागर कशाला वं?" मी तिला तहाची गोष्ट सांगितली. तिनं मान हलवली आणि म्हणाली, "व्हय की. तान्हेल्याला आदी पानी. आमच्यात बी तसंच हाय." धाकट्यानं भुसा भरून पेटी बांधली आणि शुक्रवारी स्वतः जाऊन पोचती केली. मग उन्हाळा गेला, पावसाळा आला, काही कळेना. मी फोनकडं बघून बघून दमले. शेवटी आषाढात साहेबाचा फोन, "बाई, घागर नाण्यावर राहिली." एवढंच म्हणाला आणि मी फोनवर किंचाळले.

आणि आज पितृपक्षातला तुमचा म्हाळ. बघा, नाण्यानं तरी मुहूर्त कसा साधला! सकाळी धाकटा आला. डबी बघून त्याचे डोळे लकाकले, पण लगेच शहाणपणा, "ताई, कुपी फोडायची न्हाई. हात लागला की किंमत गेली. लॉकरला टाक." डबीवरही तसंच लिहिलंय, हात लावू नये. एकच नाणं मिळालंय, दुसरं मिळणार नाही. मी घुटमळले, खोटं कशाला बोलू. तर आई कडाडली, "मानसाचा हात न लागलेलं त्ये काय नाणं! कुपीत ठिवायला त्ये काय औशीद हाय? आण्णांनी हातात घेतल्याबगर यक तरी नाणं वळाखलं का कदी?" मी सुरीच्या टोकानं कुपी उघडली. आधी ओट्याच्या कडप्प्यावर वाजवलं, तुमच्यासारखं. असं खणखणलं, आण्णा, की धाकट्याच्या अंगावर काटा आला. मग परातीतून गोळा घेतला, थापला, आणि दाबलं. उठवलं तर तीच चानकी. मोठं जहाज डावीकडं, शिडं आत, घागर आत. मी बोट घालून घागरीचा गळा चाचपला. आईनं ती स्वतः भाजली आणि म्हणाली, "ही आण्णांची. पानावर ठिव, कावळ्याला घाल."

खीर, वडे, भाजी, आमटी, भात, आणि वर चानकी, असं पान घेऊन मी गच्चीवर गेले. कावळा तयारच होता, पान टेकवलं न टेकवलं तोच त्यानं वडा उचलला. एवढा लवकर तुमचा कावळा कधी शिवला नव्हता. खाली आले तर आईनं विचारलं, "चानकी निली का त्यानं?" मी म्हटलं, पहिली तीच नेली. आईनं पदर डोळ्याला लावला, धाकट्यानं हात जोडले.

हे पत्र टाकायला तुमचा पत्ता नाही, म्हणून कणकेच्या डब्याखाली सरकवून ठेवते. आणि आईला कळायच्या आत तुम्हाला खरं सांगून टाकते. चानकी गच्चीपर्यंत पोचलीच नाही. गरम होती, घागर सुरेख उमटली होती, जिन्यात मीच खाल्ली. रागावू नका, आण्णा. उद्या तुम्हाला दुसरी करते. नाणं आता आपल्याच घरात आहे.